शाळूवर चिकटा, गुलाबावर अमृत

"पडला! पडला! थेंब पडला!"

मंडपाखाली बसलेल्या बायांत एकच गलका उठला. धोंडुबाईच्या वर केलेल्या तोंडावर, बरोबर भुवईच्या वर, टाचणीच्या डोक्याएवढा थेंब पडला होता. तिनं तो बोटानं निपटला, जिभेला लावला आणि डोळे मिटून घेतले.

"ग्वाड हाय गं बाई! साखरंवाणी!"

"नशीबवान हाईस, धोंडे. मी सकाळधरनं आ करून बसलीया, पर चिमण्यांच्या शिटंबिगर काय पडंना!"

बाया हसल्या. तेवढ्यात मागून घंटा घणाणली आणि हसणं जागच्या जागी विरलं. व्याघ्रचर्म म्हणून अंथरलेल्या ठिपक्यांच्या घोंगडीवर नंदनाथ महाराज येऊन बसले होते.

कऱ्हाडाकडून पाटणकडे जाणाऱ्या रस्त्यावर आसूदवाडी नावाचं गाव. गावाबाहेरच्या माळावर, कोयनेचं धरण बांधत होते त्या काळात कुणा साहेबानं बंगला बांधला होता. साहेब गेला. सदुसष्टच्या भूकंपात बंगल्याच्या भिंती बसल्या. उरला फक्त साहेबाच्या मडमेनं लावलेला वेली गुलाब. तो आडवातिडवा माजला, पडक्या व्हरांड्याच्या लोखंडी कमानींवर चढला आणि त्याचा आपोआप मंडप झाला. शहात्तर सालच्या दिवाळीत हे महाराज कुठूनसे आले, त्या मंडपाखाली धुनी पेटवून बसले आणि पौषात गुलाबातून अमृत झरू लागलं.

नुसतं अमृत नव्हे. महाराजांकडे प्रत्येक गोष्टीला नाव तयार होतं. गुलाबाच्या कोवळ्या शेंड्यांवर बारीक गुलाबी कण चिकटलेले असत. ते देवीचं कुंकू. आणि ते जिवंत कुंकू, कारण नीट पाहिलं तर हलायचं! पानांवर पांढरा कोंडा दिसे; ती विभूती. जुन्या पानांवर काळी बुरशी धरलेली होती. ते देवीचं काजळ. बाया ती पानं घरी नेऊन, ते काजळ बोटाला लावून पोरांच्या डोळ्यांत घालत.

"बच्चा!" महाराज गरजत. त्यांना हिंदी जेमतेम येत होतं, पण मराठीत देव नीट ऐकत नसावा अशी त्यांची समजूत असावी. "ये कुंकू! ये काजळ! ये विभूती! और ये अमृत! सौभाग्याचं सगळं वाण एका झाडावर! दुनिया में दुसरा झाड दिखाव, मैं दाढी उतार दूँगा!"

दाढी उतरवायची वेळ आली नव्हती. एकानं प्रयत्न करून पाहिला होता. माजी सरपंच कोंडीबा तात्यांनी भर सभेत आरोप केला की वर कुठंतरी काकवीचं मडकं टांगलेलं आहे. महाराज हसले आणि म्हणाले, "चढ वर, बच्चा." कोंडीबा शिडी लावून चढले, काठीनं सगळा वेल ढवळला, काट्यांनी हात फाडून घेतले. मडकं नव्हतं, नळी नव्हती, काही नव्हतं. खाली उतरताना त्यांच्याच टकलावर थेंब पडला. त्या दिवसापासून कोंडीबा मठाचे पहिले सेवेकरी झाले. हरलेला संशयी माणूस भक्त होतो तेव्हा जन्मजात भक्तालाही मागे टाकतो, तसं झालं.

त्या दिवशी सभेच्या अगदी कडेला, बाभळीच्या खोडाला टेकून लालासाहेब मास्तर उभे होते.

नाव असं भारदस्त, पण माणूस सावलीलाही वाट देणारा. सांगलीच्या एका कॉलेजात तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवून ते गावी परत आले होते. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. पुस्तकांच्या पेट्या, एक सूक्ष्मदर्शक आणि काचपट्ट्यांनी भरलेला एक लाकडी खण, एवढाच संसार. त्या काचपट्ट्यांवर मावा होता. पिकाचा रस शोषणारी ही कीड, शेतकरी जिच्या नावानं बोटं मोडतो तीच, पण मास्तरांचा जीव जडला होता गुलाबावरच्या माव्यावर. गुलाबावर येणारा मावा एका जातीचा नसतो. काही जाती गुलाबावरच जन्मतात आणि गुलाबावरच मरतात. काही जाती वर्षातला थोडा काळ गुलाबावर काढतात आणि मग पंख फुटले की गवतावर निघून जातात. आपल्या भागात नेमक्या कोणत्या, याची यादी करायचा ध्यास मास्तरांनी तरुणपणी घेतला होता. यादी पूर्ण झाली नाही, कारण दर वेळी वाटे, ही शेपटी फिकी म्हणावी की काळपट? किड्याच्या मागल्या अंगावरच्या या नळीच्या टोकाची जाळीदार नक्षी पुरेशी आहे का? आपण चुकत तर नसू? चुकण्याच्या भीतीनं त्यांनी एक ओळही छापली नाही. गावानं त्यांचं नाव ठेवलं होतं 'माव्याचं मास्तर'.

शेंड्यावरचं ते कुंकू मास्तरांनी पहिल्याच दिवशी लांबून ओळखलं होतं. आणि ते गप्प बसले होते. आपलं कोण ऐकणार, हा एक विचार. आणि दुसरा, अधिक खरा: लोकांसमोर बोलायचं म्हटलं की ते मागं सरत. 'जाऊ दे, साखरेचा थेंब चाटून कुणी मरत नाही,' असं त्यांनी मनाला समजावलं होतं.

ते समजावणं त्यांच्या पुतण्याच्या घरातच खोटं पडलं.

पुतण्या हंबीरराव हा लष्करातून निवृत्त झालेला हवालदार, एकाहत्तरच्या लढाईत पायात गोळी घेऊन आलेला. त्याची एकुलती एक मुलगी बनू, तेरा वर्षांची. दोन वर्षांपूर्वी पोर वाळत चालली, घागरभर पाणी पिऊ लागली, म्हणून मिरजेला नेली, तर डॉक्टरांनी साखरेचा आजार सांगितला. तेव्हापासून रोज सुई. इन्सुलिनची बाटली माठाखालच्या ओल्या वाळूत पुरलेली असे. सकाळी उठून बनूची आई राहीबाई काचेच्या नळीत निळं औषध घेई, त्यात लघवीचे थेंब टाकी आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळी. निळं राहिलं तर झकास. हिरवं झालं तर थोडी साखर. पिवळं झालं तर जास्त. आणि विटेसारखं लाल झालं की घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे. हे नळी तापवणं मास्तरांनीच शिकवलं होतं. राहीबाईला अक्षर वाचता येत नव्हतं, पण त्या रंगांत ती कधी चुकली नव्हती.

सुईच्या वेळी बनूचा हात धरायचं काम हंबीररावाचं.

"काका," तो एकदा म्हणाला होता, "पोरगी सुई बघितली की भित्तीला चिकटती. माझ्याकडं अशी बघती जसा मीच वैरी हाय. पायात गोळी खाल्ली, तवा बी एवढं दुखलं न्हाई."

अशा माणसाला महाराजांनी गाठलं. "हवालदार, सुई लागलेल्या अंगात अमृत उतरत नाही. सुई बंद. नळीची तपासणी बंद. तपासणी म्हणजे शंका, शंका म्हणजे विष. माघी पौर्णिमेपर्यंत रोज तीन वेळा पळीभर अमृत, पोरगी मंडपाखाली बसवायची. सुई कायमची सुटेल."

बापाला हवं होतं तेच कुणीतरी म्हणालं होतं. त्याची परीक्षा कोण घेतो?

मास्तरांना हे कळलं तेव्हा सुई बंद होऊन तिसरा दिवस उजाडला होता. राहीबाई मागच्या दारानं आली, पदराला डोळे पुसत.

"मामंजी, पोर लय निपचित पडलीया. वकाऱ्या काढती. तोंडाला पिकल्या केळावाणी वास येतुया. ह्यास्नी सांगाया गेलं, तर म्हंत्यात, वाईट समदं भाईर पडतंय, उद्या पुनवंला बरी हुईल."

तो वास कशाचा, हे मास्तरांना ठाऊक होतं: सुई तुटली की रक्तात साचणाऱ्या विषाचा. ते तसेच हंबीररावाकडे गेले. दारातच तो आडवा आला.

"काका, तुमी आमच्यात पडू नगा."

"हंबीर, मला वाटतं... म्हणजे बहुधा... ते अमृत साखरच आहे रे. पोरीला साखरच..."

"बहुधा? तुमी जलमभर बहुधाच म्हनत आलासा! त्यो मानूस छातीवर हात मारून सांगतुया, आन् तुमी म्हंता बहुधा! कुनाचं ऐकू मी?"

दार लागलं. मास्तर रस्त्यावर उभे राहिले. पुतण्या चुकीचं काय बोलला, हे त्यांना शोधूनही सापडेना. ते वेशीवर गेले आणि जीपवाल्या दिलावरला म्हणाले, "उद्या सकाळी मठाजवळ गाडी घेऊन थांबशील? पोरीला मिरजेला न्यायचंय."

"हवालदार नेऊ देतील?"

"माहीत नाही."

दिलावरनं तंबाखू थुंकली. "थांबतो. त्या लोकांनी तुमाला बडवलं, तरी मिरजच लागंल की."

पौर्णिमेला माळावर जत्रा लोटली. मलकापुरापासून लोक आले होते. फुगेवाले, भजीवाले, पितळी परातींच्या रांगा, आणि मंडपाच्या मधोमध चटईवर बनू. डोळे अर्धे मिटलेले, श्वास खोल आणि घाईचा. तिच्या उशाशी हंबीरराव ताठ बसला होता, पहाऱ्यावर बसावा तसा. महाराजांचा चेला गुंडा हातात सुपली घेऊन वेलाभोवती फिरत होता आणि मधूनच काहीतरी चिमटीत धरून चिरडत होता.

"राक्षस!" तो लोकांना सांगत होता. "देवीचं कुंकू खायाला येत्यात! रोज पहाटं येचून मारतो मी!"

मास्तर गर्दीतून पुढं सरकले. खांद्याला शबनम पिशवी. मागं राहीबाई, तिच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी.

"मला... मला थोडं बोलायचंय," मास्तर म्हणाले. कुणालाच ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं. या वेळी आवाज चिरकला आणि चिरकल्यामुळेच लोकांनी वळून पाहिलं.

"आलं माव्याचं मास्तर!"

"मास्तर, घरला जावा! म्हातारपनी काटं लागतील!"

"हे कुंकू नाही," मास्तर म्हणाले. "हा मावा आहे."

माळ हसण्यानं फुटला. महाराजांनी हात वर केला. ते मुळीच चिडले नाहीत. असे पंडित त्यांनी बरेच पचवले होते.

"बोलो भाई, शेतकरी लोक! करडईवरचा मावा कुठल्या रंगाचा?"

"काळा!"

"मोहरीवरचा?"

"हिरवा!"

"गुलाबी मावा बापजन्मी कुणी पाहिला?"

"न्हाई!"

"तो फिर! और मास्तर, मावा तर मावा. पण कंची जात? तुम तो पंडित हो. नाम बताव!"

मास्तरांनी ओठ ओले केले. खोटं नाव सांगता आलं असतं. लॅटिनमधलं काहीही चाललं असतं, तपासायला कोण बसलं होतं? पण तीस वर्षांची सवय आडवी आली.

"दोन जाती असू शकतात," ते म्हणाले. "कोणती ते भिंगानं नक्की सांगता येत नाही. काचेवर घेऊन पाहावं लागेल. मला... मला नक्की माहीत नाही."

मग तर विचारूच नका. लोकांनी शिट्ट्या मारल्या. "मास्तरालाच ठावं न्हाई!" मागून एक ढेकूळ येऊन मास्तरांच्या चष्म्याला लागलं. एक काच तडकली. हंबीररावानं मान खाली घातली, पण उठला नाही.

का कुणास ठाऊक, ढेकूळ लागल्यावर मास्तरांची भीती कमी झाली. व्हायचं ते होऊन गेलं होतं.

"कोंडीबा तात्या," ते म्हणाले, "तुम्ही शेळ्या पाळता. शेळी कशावरून ओळखता? रंगावरून?"

"ह्यॅ! रंगावरनं कशाला? काळी असती, तांबडी असती, कबरी असती. खुरावरनं, दाढीवरनं, ब्यां करती त्यावरनं!"

"मावाही तसाच ओळखायचा. रंगावर जायचं नाही. हे भिंग घ्या. मी काही सांगत नाही, तुम्हीच बघून सांगा."

कोंडीबांनी महाराजांकडे पाहिलं. महाराज म्हणाले, "देवीला डोळे लावू नये, बच्चा. आंधळा होशील." हे ऐकून कोंडीबा बिचकले खरे, पण चार लोकांत 'भ्याला' म्हणवून घेणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. त्यांनी एक शेंडा वाकवला आणि भिंग डोळ्याला लावलं.

"सहा पाय हायती," ते म्हणाले. "मिशा हायती. सोंड पार फांदीत खुपसलीया. आन् मागल्या अंगाला... दोन काळ्या नळ्या. बंदुकीवाणी."

"आता त्याच फांदीवर खाली बघा. हिरवे आहेत?"

"हायती की! पानाआड हायती, म्हून दिसलं न्हाईत. त्यास्नी बी नळ्या. तश्याच. काळ्या." कोंडीबांचा आवाज बदलला. "सोंड बी तशीच. ह्ये तर भाऊबंद हायती!" आणि एकदम ते ओरडले, "आरं तिच्या! ह्ये कुंकू व्यायलंय! मागनं पिल्लू भाईर येतंय, पायाकडनं!"

आता लोक उठून पुढे सरकले. भिंग या हातातून त्या हातात गेलं.

"नर लागत नाही तिला," मास्तर म्हणाले. वर्गात बोलत असल्यासारखा त्यांचा आवाज आपसूक सरळ झाला होता. "थंडीत एकेक मादी रोज पिल्लं देते, म्हणून कुंकू वाढतं. वाढताना अंगावरची कात टाकते. ती पांढरी विभूती. सोंडेनं झाडाचा रस ओढते, पण तो रस नुसताच गोड, त्यात सत्त्व कमी. म्हणून पोटभर प्यावा लागतो आणि जास्तीची साखर बाहेर टाकावी लागते. त्या नळ्यांतून नव्हे हं, ती जुनी चूक आहे. शेवटून."

"शेवटनं म्हंजी?" धोंडुबाईनं विचारलं.

कोंडीबांनी भिंगातून डोळा काढला. "धोंडे, शेवटनं म्हंजी शेवटनं! मी आत्ता बघितलं. ढुंगानं थेंब उडवला!"

धोंडुबाईनं पचकन थुंकलं. तिच्या पाठोपाठ अर्धी बायकांची रांग थुंकली.

"तो थेंब पानावर साचला की त्यावर काळी बुरशी धरते," मास्तर पुढं म्हणाले. "ते तुमचं काजळ. पोरांच्या डोळ्यांत घालता ते. अहो, तुमच्या शाळूवर मावा पडतो, पानं चिकट होतात, मग काळी पडतात, तेव्हा तुम्ही काय म्हणता?"

"चिकटा," कुणीतरी पुटपुटलं.

"शाळूवर पडला की चिकटा, आणि गुलाबावर पडला की अमृत? चिकट्यावर औषध मारायला तुम्ही पंप घेऊन धावता, आणि इथं तोच चिकटा तोंड उघडून घेता? आणि हे गुंडाभाऊ चिरडतात ते ठिपक्यांचे किडे राक्षस नव्हेत. मावा खाऊन शेत राखतात ते. त्यांना मारून, खोडाला ग्रीस फासून, तो गोड थेंब नेणाऱ्या मुंग्या अडवून या मठात मावा पाळलाय. कुणी म्हशी पाळतं, कुणी मावा."

एक-दोघे हसले. या वेळी हसणं मास्तरांवर नव्हतं. पण महाराज कच्चे नव्हते. त्यांनी मांडीवर थाप मारली.

"वा, पंडित! मावा म्हण, किडा म्हण. हम कब ना बोले? आपण गोमूत्र पितो का नाही? गाईच्या पोटातलं पवित्र, मग देवीच्या जीवांच्या पोटातलं का नाही? गुण बघा, गुण! बोलो, धोंडुबाई, गुडघा बरा झाला का नाही?"

धोंडुबाई गोंधळली. "झाला... म्हंजी, जरा हलका वाटतुया."

"देखा!"

गर्दी पुन्हा डुचमळली. गोमूत्राला काय उत्तर द्यावं, मास्तरांना सुचेना. त्यांना वाटलं, संपलं. इतकं सगळं दाखवूनही संपलं.

तेव्हा मागून राहीबाई पुढं आली. नवऱ्यासमोर चार लोकांत ती कधी बोलली नव्हती. तिनं फडकं सोडलं. त्यात काचेची नळी, चिमटा, स्पिरिटचा दिवा आणि निळ्या औषधाची बाटली होती.

"राहे!" हंबीरराव गुरगुरला. "नळी बंद म्हनून सांगितलं हुतं!"

"पोरीची न्हाई तपासत मी," ती म्हणाली. "अमृत तपासते."

तिनं दिवा पेटवला. मास्तर हळूच म्हणाले, "आधी पाणी. महाराजांच्या कमंडलूतलं." राहीबाईनं निळ्या औषधात कमंडलूतल्या पाण्याचे थेंब टाकले आणि नळी ज्योतीवर धरली. बुडबुडे आले. औषध निळंच राहिलं. आकाशासारखं निळं. तिनं ती नळी वर धरून सगळ्यांना दाखवली. मग धुतली, नवं औषध घेतलं आणि वेलाच्या पानांवर लकाकणारे थेंब एकेक करून नळीत ओघळू दिले. कोंडीबांनी स्वतः फांदी धरली होती. कुणाच्या हातात मडकं नव्हतं, कुणाच्या बाहीत काही लपवलेलं नव्हतं.

नळी पुन्हा ज्योतीवर गेली. माळावर भजीवाल्याच्या कढईचाही आवाज ऐकू येत होता.

निळं गढूळ झालं. हिरवं झालं. पिवळं झालं. आणि मग, विटेसारखं लालभडक.

बाकीच्या लोकांना त्यात काही कळलं नाही. रंग बदलला, एवढंच. पण तो रंग त्यांच्यासाठी नव्हताच. दोन वर्षं रोज सकाळी राहीबाईशेजारी दिव्यापुढं उभं राहून ज्यानं त्या नळीकडं पाहिलं होतं, असा एकच माणूस त्या माळावर होता. हंबीरराव उठून उभा राहिला.

"साखर," तो म्हणाला.

"नळीत जादू आहे!" महाराज ओरडले. "औरत का टोटका!"

"तुमचं पानी निळं ऱ्हायलं की," कोंडीबा म्हणाले.

"मी पोरीला साखर पाजली," हंबीरराव म्हणाला. तो महाराजांकडं पाहत नव्हता, लाल नळीकडंच पाहत होता. "सुई बंद करून साखर पाजली. रोज तीन डाव. माझ्या हातानं."

तो महाराजांच्या अंगावर धावून गेला नाही. लोकांना तसं वाटलं होतं. गुंडा तर सुपली टाकून पळालाच. हंबीररावानं वाकून बनूला उचललं आणि लंगडत गर्दीतून चालू लागला. लोक बाजूला झाले. दिलावरच्या जीपचं इंजिन आधीच सुरू होतं.

"काका," हंबीरराव चालता चालता म्हणाला, "वाचंल का?"

मास्तरांच्या तोंडावर 'बहुधा' आलं होतं. ते गिळून ते म्हणाले, "माहीत नाही. चल, बस गाडीत."

बनू वाचली. दवाखान्यात दोन रात्री तिनं डोळे उघडले नाहीत. सलाईनच्या बाटल्या, दर तासाला सुया. तिसऱ्या सकाळी तिनं पाणी मागितलं आणि बाप भिंतीकडं तोंड करून रडला.

इकडं गावात सगळं एका दिवसात उजळलं असं कुणी समजू नये. महाराज त्याच संध्याकाळी "हिमालयातून बोलावणं आलं" म्हणून निघाले. हिमालय खंडाळ्याच्या बाजूला असावा, कारण पुढच्या वर्षी ते तिकडं एका विहिरीतून दूध काढत असल्याचं कानावर आलं. पण मठ मोडल्याचा राग गावाला महाराजांपेक्षा मास्तरांवर जास्त आला. भजीवाल्यानं त्यांच्याशी बोलणं टाकलं. कुणीतरी त्यांच्या दारात शेण फेकलं. धोंडुबाई अजून म्हणते, "माव्याचं आसंल, पर गुडघा राहिला हुता!" फसवणाऱ्याला लोक लवकर विसरतात, फसलेलं दाखवून देणाऱ्याला माफ करायला मात्र वेळ लागतो.

गुंडा नसल्यानं ठिपक्यांचे किडे निवांत जेवले. फाल्गुनात ऊन तापलं, मावा गेला आणि अमृत आटलं. मठाचा गुलाब पुन्हा नुसता गुलाब झाला. कोंडीबा तात्यांनी ते रोज जाऊन पाहिलं, भिंग घेऊन. मागितल्यावर परत द्यायला मात्र ते विसरतात.

बनू घरी आल्यावर एके दिवशी मास्तरांच्या सूक्ष्मदर्शकावर ओणवी झाली होती. काचपट्टीवर मठातलं ते कुंकू होतं.

"आबा, जात ठरली का?"

"नाही अजून. शेपटी फिकी दिसते, पण नळीच्या टोकाची नक्षी... अजून थोडे नमुने बघायला हवेत."

"मंग त्या दिवशी लोक हसलं, तवा तुमी कायबी नाव का न्हाई ठोकून दिलं?"

मास्तरांनी तडकलेला चष्मा पुसला. "दिलं असतं तर महाराजांत नि माझ्यात फरक काय राहिला असता गं?"

एवढंच सांगायचं आहे. छातीवर हात मारून 'मला सगळं ठाऊक आहे, तपासू नका' म्हणणारा भेटला, तर त्याचं नाव, दाढी, भाषा काहीही असो, तिथून उठा. 'मला नक्की माहीत नाही, चला तपासून बघू' म्हणणारा भेटला, तर त्याच्यावर ढेकूळ फेकण्याआधी क्षणभर थांबा. कुंकू, काजळ, विभूती, अमृत, नावं कितीही पवित्र असोत, आधी भिंग लावा. आणि आजारी लेकराचं औषध कुणाच्याही शब्दावर बंद करू नका.

हंबीररावाच्या घरी सुई अजून रोज असते. बनू अजूनही भिंतीला चिकटते, आणि बाप तिचा हात धरतो. त्याआधी राहीबाई नळी ज्योतीवर धरते, आणि सगळं घर तिच्याकडं बघत उभं राहतं. आज सकाळी नळी निळी राहिली.